खुलाशासाठी दीड ओळ

रकाना सोळावा: कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का?
हो. नाही. मुंगीएवढे दोन चौकोन.
आणि खाली, उत्तर 'हो' असल्यास खुलासा.
त्याला दीड ओळ.

मागच्या खेपेला मी 'नाही'वर खूण केली होती.
बावीस वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय,
ट्रकथांब्यावर सगळे हेच सांगतात,
सातच्या मागचं दिसत नाही, दहाच्या मागचं दिसत नाही,
प्रत्येकाचा एक चुलतभाऊ असतो
ज्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.
जॉप्लिनच्या मोटेलात आम्ही नऊजण होतो प्रशिक्षणाला.
तिसऱ्या दिवशी ब्रेकमधल्या हवेचा दाब शिकवत होते
तेव्हा दारात एक बाई आली, हातात कागद,
"ओरिन टॅकेट कोण?"
माझं अर्धं सँडविच तसंच टेबलावर राहिलं.
गुन्ह्यासाठी नाही, ती म्हणाली, 'नाही'साठी.
बसचं तिकीट मात्र त्यांनीच काढून दिलं,
सलायनापर्यंत, खिडकीजवळचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय,
पण झाकल्या मुठीनं स्टिअरिंग धरता येत नाही.

म्हणून ओमाहाच्या या अर्जात लिहिलं:
वय एकोणीस, विचिटा, बंद दुकान,
आत गेला तो दुसरा, मी बाहेर गाडीत, इंजिन चालू ठेवून.
(ड्रायव्हिंगची माझी पहिली नोकरी तीच म्हणायची.
हे मात्र नाही लिहिलं.)
अकरा महिने कैद.
झालं. दीड ओळीत बसलं,
वर टोकाला थोडी जागाही उरली.
इतकी वर्षं जे पोटात दगडासारखं वागवलं
ते एवढंसंच होतं.

अडलं ते पुढे, एकोणिसाव्या रकान्यात.
गेल्या दहा वर्षांतल्या नोकऱ्या, एकही महिना न वगळता.
खंड असल्यास कारण, आणि साक्षीदार.
नातेवाईक चालणार नाही.

चौदा महिने. मार्च ते पुढचा मे.
चोरीला कागद आहे, शिक्का आहे, खटल्याचा क्रमांक आहे.
या चौदा महिन्यांना काहीच नाही.
साक्षीला आई होती, ती त्याच मेमध्ये गेली,
आणि असती तरी नातेवाईकच.

दर दोन तासांनी तिची कूस बदलायची.
गोळ्या चमच्याच्या पाठीनं चुरून
सफरचंदाच्या लगद्यात कालवायच्या.
कधी ती मला मामाच्या नावानं हाक मारी,
कधी वाटे, आपण लांब कुठंतरी निघालोय,
मग पलंगावरूनच म्हणे, हॉर्न वाजव रे.
मी वाजवायचो. तोंडानं.
पगार किती, सोडण्याचं कारण काय,
पुन्हा कामावर घेतील का: हो, नाही.

शेवटी नंबर दिला शेजारच्या इडेलिया क्विन्टानाचा.
ओळख कुंपणावरून मान हलवण्यापुरती,
एकदा तिच्या कुत्र्यावरून भांडणही झालेलं.
कंपनीतून कुणी मार्ला म्हणून बोलली तिच्याशी.
काय विचारलं, ते मला इडेलियानं सांगितलं
टोमॅटोला पाणी घालता घालता, माझ्याकडे न बघता.
तेव्हा माझी रात्रपाळी होती, मी म्हटलं,
पिझ्झाच्या कारखान्यातून पहाटे चारला यायचे,
याच्या स्वयंपाकघरात दिवा.
रोज? ती म्हणाली. मी म्हटलं, रोज.
एकदाच बंद दिसला, तर मी जाऊन दार वाजवलं.
बल्ब गेला होता.

मला ते दार वाजवणं आठवतही नव्हतं.

सोमवारी ओमाहाला बोलावलं. नेमणूक नाही अजून,
समोर बसून सही करायला.
जॉप्लिनची ती 'नाही'सुद्धा निघाली फायलीतून,
मार्लानं विचारलं, मी म्हटलं, हो, तीही माझीच.
तिनं कागद माझ्याकडे सरकवला. तळाशी छापलेलं:
वरील माहिती सत्य आणि संपूर्ण आहे.
सत्य, ठीक.
'संपूर्ण'वर पेन थबकलं.
हॉर्नचं कुठं लिहिलंय मी?